मिस विम्बुश आणि गुरुवारचा पाहुणा

त्या घरात माझं नाव जेन होतं. खरं नाव थर्झा, पण पुढचं दार उघडणाऱ्या मोलकरणीला जेनच म्हणायचं अशी आमच्या बाईसाहेबांची, मिसेस थॉरल्ड यांची, पद्धत. माझ्याआधीची जेन लग्न करून गेली आणि तिच्या टोपीबरोबर तिचं नावही माझ्या डोक्यावर बसलं. मला थर्झा म्हणणारं माणूस घरात एकच होतं, ते म्हणजे डॉर्कस विम्बुश. सांगायचं आहे ते त्यांचंच.

मिस विम्बुश बाईसाहेबांच्या सोबतीला ठेवलेल्या होत्या. सोबतीची बाई म्हणजे धड नोकर नाही आणि धड पाहुणीही नाही. जेवायला त्या वर टेबलाशी बसत, पण मटणाची थाळी त्यांच्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोचे, आणि तोवर वरची चरबी थिजलेली असे. त्यांचे वडील लिंकनशरच्या दलदलीकडे एका गावात पाद्री होते. ते गेले, आणि नव्या पाद्र्यासाठी सहा आठवड्यांत घर रिकामं करावं लागलं. वडिलांबरोबर आजाऱ्यांच्या घरी रोज सात-आठ मैल चालणाऱ्या बाईला तेहेतिसाव्या वर्षी मॉल्व्हर्नमध्ये नोकरी मिळाली ती बसण्याची. सकाळी बाईसाहेबांसमोर लोकर गुंडाळत बसायचं, दुपारी आल्यागेल्यांत बसायचं, संध्याकाळी दिव्याशी बसून वाचून दाखवायचं.

आणि त्यांना नेमकं बसवत नसे. झग्याखाली एक पाय सारखा हलत राही. त्या हलण्यानं बशीतला चमचा किणकिणू लागे आणि बाईसाहेब मान न वळवता विचारत, "मिस विम्बुश, घरातून टांगा चाललाय का?" मग पाय थांबे. पाच मिनिटांनी पुन्हा सुरू होई.

दिवसातला एक तास त्यांचा स्वतःचा होता, दुपारच्या जेवणानंतर सुलतानला फिरवून आणायचा. सुलतान म्हणजे बाईसाहेबांचा चपट्या नाकाचा म्हातारा कुत्रा. फाटकापलीकडे तो पाऊल टाकायला तयार नसे. मिस विम्बुश त्याला सरळ काखेत मारत आणि टेकडी चढून जात. परत येत तेव्हा त्यांचे बूट घोट्यापर्यंत चिखलानं भरलेले, गाल लालभडक आणि कुत्र्याचे पाय मात्र उशीसारखे कोरडे. एकदा बाईसाहेब जिन्यावरून खाली येताना दिसल्या. मी सुलतानला उचललं आणि त्याचे चारही पाय मागच्या दारातल्या कुंडीच्या चिखलात बुडवले. त्या दिवसापासून ते माझं रोजचंच काम झालं. तो मला चावायचा. मिस विम्बुश एवढंच म्हणाल्या, "थर्झा, तू देवळात जाणारी मुलगी आहेस ना गं?" मी म्हटलं, "बाई, चिखल खराच आहे."

सप्टेंबरात ॲडेला ताईसाहेब आल्या. बाईसाहेबांच्या दिवंगत भावाची मुलगी, वय एकवीस. दोन ट्रंका आणल्या होत्या. एक कपड्यांची, एक नुसत्या पुस्तकांची. दुसरी उचलताना माझी कंबर धरली. भाचीला मार्गी लावायचं हे बाईसाहेबांनी मनावर घेतलं होतं, आणि स्थळही हेरून ठेवलं होतं. मिस्टर ॲम्ब्रोज केटलवेल. वुस्टरच्या वाटेवर त्यांची कागदाची गिरणी, घरी फक्त आई, वय चौतीस. माणूस चांगला, पण लाजाळू. दर गुरुवारी साडेतीनला येत. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे टोपी आणि छडी दिवाणखान्यात बरोबर नेत. हॉलमध्ये ठेवली तर माणूस मुक्काम ठोकायला आला असा अर्थ होतो. मग ती टोपी गुडघ्यावर घेऊन ते काठानं गोल गोल फिरवत बसत.

बाईसाहेब दहा मिनिटं थांबत आणि काहीतरी निमित्त काढून उठत. तरुण मुलगी आणि परका पुरुष खोलीत एकटे राहू नयेत म्हणून मिस विम्बुशना खिडकीशी भरतकाम घेऊन बसवलेलं असे. त्यांनी तिथं असायचं आणि नसायचं, दोन्ही.

पहिले दोन गुरुवार मला अजून आठवतात. चहा घेऊन गेले तर आत अशी शांतता, की कपांचा आवाज करायची भीती वाटावी. पाऊस पडेल असं मिस्टर केटलवेल म्हणाले. पडेल, असं ताईसाहेब म्हणाल्या. मग घड्याळ. टोपी फिरतेय. खिडकीशी भरतकामाची चौकट हलू लागली होती. तिसऱ्या गुरुवारी मी कोळसे घालायला वाकले होते तेव्हा ते कसेबसे म्हणाले, की खिंडीतून चर्चकडे जाणारा रस्ता तीन मैलांचा आहे.

"साडेचार," खिडकीतून आवाज आला.

तिघेही दचकले, मिस विम्बुश सगळ्यात जास्त. पण आता बोलून गेल्या होत्या. मिस्टर केटलवेल म्हणाले, नकाशात तीन आहे. मिस विम्बुश म्हणाल्या, नकाशा काढणारा पाणथळीतून गेला असेल, माणसं वळसा घालून जातात. मिस्टर केटलवेलनी विचारलं, पाणथळ नेमकी कुठं? आणि टोपी फिरायची थांबली.

पुढच्या गुरुवारी ते नकाशा खिशात घालून आले. मग काय, पुढचे चार महिने दिवाणखान्यात रस्ते, ओढे, दगडी कुंपणावरच्या पायऱ्या, कुठल्या शेतकऱ्याचा बैल मारका आहे, यांच्याशिवाय विषय नव्हता. ताईसाहेब शेकोटीच्या पडद्याआड खुर्ची वळवून पुस्तक वाचत. पान उलटतानाचा आवाज लपावा म्हणून मधूनच खोकत. तिघेही खूश होते. आणि दाराबाहेरून जाणाऱ्या बाईसाहेब आतला गलबला ऐकून सगळ्यांत खूश. मला म्हणाल्या, "जेन, बघितलंस? मुलगी खुललीय."

दार उघडणारीनं बोलायचं नसतं. पण मला चैन पडेना. मिस विम्बुश गुरुवारी सकाळपासूनच खोल्यांतून नुसत्या येरझाऱ्या घालत. बुधवारी कॉलर स्वतः इस्त्री करत. आणि हे त्यांचं त्यांना कळलंय की नाही, हे मला कळत नव्हतं.

फेब्रुवारीत मिस्टर केटलवेलचं पत्र आलं. बाईसाहेबांनी ते इतक्या वेळा वाचून दाखवलं, की मला पाठ झालं. "आपल्या घरी राहणाऱ्या एका स्त्रीशी एका गंभीर विषयावर बोलण्याची परवानगी असावी." नाव नव्हतं. सभ्य माणूस अशा पत्रात नाव घालत नाही. बाईसाहेबांना तरी नाव कशाला हवं होतं?

गुरुवार ठरला. ताईसाहेबांना जांभळट रेशमी झगा घालायला लावला. साडेतीनला ते आले, नव्या हातमोज्यांत, चेहरा मेणासारखा. त्यांना आत सोडलं आणि बाईसाहेब मिस विम्बुशना म्हणाल्या, "तुम्ही माझ्याबरोबर वर चला. आज उशांचे अभ्रे बघून घेऊ." मिस विम्बुशनी भरतकाम गोळा केलं. सुई जमिनीवर पडली, ती मीच उचलली. जिना चढताना त्यांचा हात कठड्यावरून घसरत होता.

आत काय झालं ते ताईसाहेबांनी मला त्याच संध्याकाळी केसांच्या पिना काढताना सांगितलं. आधी पोटभर हसल्या, मग रडकुंडीला आल्या. दार लागल्यावर मिस्टर केटलवेलनी खिडकीतल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि विचारलं, "मिस विम्बुश कुठं आहेत?" त्याच क्षणी ताईसाहेबांना सगळं उमगलं. त्या म्हणाल्या, "वर आहेत, अभ्रे मोजतायत. बोलावू का?" ते हो म्हणाले. ताईसाहेब घंटेच्या दोरीला हात घालणार, इतक्यात दार उघडून बाईसाहेबच आत आल्या. त्यांना धीर निघाला नव्हता. दोघं उभी, मुलगी हसतेय, पुरुष लाल झालाय. याहून आणखी पुरावा कुठला? त्यांनी थेट जाऊन मिस्टर केटलवेलच्या गालाचा मुका घेतला आणि म्हणाल्या, "मुला, आजपासून मला आत्याच म्हण."

आणि तो माणूस काही बोलला नाही. भाचीसमोर आत्याला खोटं पाडायचं, हे त्यांच्या सभ्यतेत बसेना. मान लववली, टोपी उचलली आणि गेले. साखरपुडा झाला तो असा.

"मी तरी कसं बोलणार होते?" ताईसाहेब म्हणाल्या. "जेन, तू कुणाला सांगू नकोस. ते उद्या येऊन सांगतील."

शुक्रवारी ते आले नाहीत. शनिवारीही नाहीत. गावाला मात्र वास लागला होता. गाड्या येत होत्या, भेटीची कार्डं ताटलीत मावेनात, आणि मी "बाईसाहेब घरी आहेत, या" म्हणून म्हणून थकले. ताईसाहेब डोकं दुखतं म्हणून खोलीत पडून. बाईसाहेबांनी मिस विम्बुशना लिहायला बसवलं. नात्यातल्यांना आणि ओळखीच्यांना कळवायची चाळीस पत्रं, सगळ्यांत मजकूर तोच. शनिवारी दिवसभर त्या लिहीत होत्या, सुंदर अक्षरात. मी दिवा लावायला गेले आणि नकळत खाली पाहिलं. पाय हलत नव्हता. इतक्या महिन्यांत तो असा स्थिर मी पहिल्यांदा पाहिला.

रविवारी सकाळी देवळातून परतताना आम्ही दोघी मागे होतो. त्यांच्या हातात पत्रांचा गठ्ठा होता, वाटेतल्या लाल पेटीत टाकायचा. मी वचन दिलं होतं. पण पेटी जवळ आली तशी माझी जीभ सुटली. मुक्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

त्या उभ्याच राहिल्या. लोक वळसा घालून जात होते. मग त्यांनी विचारलं, "त्यांनी माझं नाव घेतलं होतं?"

"पहिलं तेच घेतलं, बाई."

"आणि मग गप्प राहिले."

त्यांनी गठ्ठा पेटीत टाकला नाही. घरी आल्या, अंगावरचा कोट न काढताच दिवाणखान्यात गेल्या आणि पत्रं बाईसाहेबांसमोरच्या टेबलावर ठेवली. मी दारातच होते. हलायला हवं होतं, हलले नाही.

"ही पाठवण्याआधी मिस ॲडेलांना एक प्रश्न विचारा, मॅडम," त्या म्हणाल्या. "त्यांना कुणी मागणी घातलीय का?"

बाईसाहेबांनी ताईसाहेबांना खाली बोलावलं. त्या शाल गुंडाळून आल्या, टेबलावरची पत्रं पाहिली आणि सरळ सांगितलं, "नाही, आत्या. मला कुणीच काही विचारलं नाही. त्यांना मिस विम्बुशना विचारायचं होतं."

बाईसाहेब ओरडल्या नाहीत. ओरडणं त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी पत्रांच्या कडा बोटांनी जुळवून सारख्या केल्या, दोनदा. मग म्हणाल्या, "मिस विम्बुश, तुम्हाला त्या खिडकीत गप्प बसायला ठेवलं होतं."

"हो, मॅडम. मला ते जमलं नाही."

"उद्या दुपारपर्यंत खोली रिकामी करा. शिफारशीचं पत्र मी देऊ शकणार नाही. तुमच्या लक्षात येईलच का ते."

शिफारसपत्राशिवाय सोबतीच्या बाईला दुसरं घर मिळत नाही, हे तिथं उभ्या असलेल्या चौघींनाही माहीत होतं. ताईसाहेब आत्याशी बोलायला गेल्या, पण आत्या जेवणाची घंटा वाजवायला उठल्या होत्या.

सोमवारी माझी अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. टेकडीच्या पलीकडल्या उतारावर कोलफोल्ड नावाचं खेडं आहे. तिथल्या पोस्टाच्या दुकानदारीणबाई मिसेस ग्रूम यांच्या माडीवर एक खोली मिळत होती. मी ट्रंकेची एक कडी धरली, दुसरी मिस विम्बुशनी. अर्ध्या वाटेवर मिस्टर केटलवेल घोड्यावरून समोर आले. आमच्या घराकडेच निघाले होते, अखेर. घोड्यावरून उतरले, टोपी काढली. मी ट्रंक ओढत दहा पावलं मागे झाले, पण माळावरचा वारा त्यांचं बोलणं माझ्याकडेच आणत होता.

त्यांनी मागणी घातली. चांगल्या शब्दांत घातली, आणि खरी घातली, याबद्दल मला शंका नाही. मिस विम्बुश सगळं ऐकून घेईपर्यंत एकाच जागी उभ्या राहिल्या नाहीत. रस्त्याच्या या कडेहून त्या कडेला जात राहिल्या आणि ते घोडा धरून त्यांच्याबरोबर वळत राहिले.

"गुरुवारी तुम्ही हे बोलला असतात," त्या शेवटी म्हणाल्या, "तर मी घरातल्या सपाता घालून तुमच्याबरोबर आले असते."

"मिसेस थॉरल्डचा केवढा अपमान झाला असता. गावभर बोभाटा..."

"झाला असता. मग शुक्रवारी?"

त्यांनी घोड्याचा लगाम हाताभोवती गुंडाळला.

"शनिवारी मी चाळीस वेळा तुमचं नाव लिहिलं, मिस्टर केटलवेल. तिच्या नावाशेजारी. तुम्ही चार मैलांवर होता."

"मी येणारच होतो. कसं बोलावं तेच सुचत नव्हतं."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. "पण पुढच्या वेळीही सुचणार नाही. तुमच्या आईसमोर सुचणार नाही. आणि मी वाट बघत बसेन. मला बसता येत नाही."

त्यांनी ट्रंकेची कडी पुन्हा धरली. टेकडी उतरेपर्यंत इतक्या भरभर चालत होत्या, की माझ्या बरगडीत कळ आली. मी विचारलं, बाई, मी सांगायला नको होतं का? त्या म्हणाल्या, "पाऊल बघून टाक, दगड सुटे आहेत."

मार्चमध्ये कोलफोल्डची टपाल वाटणारी बाई बर्फावरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. आसपासच्या वाड्यावस्त्यांची टपालफेरी बारा मैलांची होती. कोणी पुरुष तेवढ्या मजुरीत तयार होईना. मिसेस ग्रूमनी जिन्यातून वर हाक मारली, "मिस, तुम्ही नाही तरी दिवसभर माझ्या डोक्यावर येरझाऱ्याच घालता. झोळी घेऊन घालाल का?" पंधरा दिवसांसाठी म्हणून घेतलेली झोळी त्यांनी एकोणीस वर्षं वाहिली.

मॉल्व्हर्नच्या दिवाणखान्यांना हा धक्का पचायला फार जड गेला. पाद्र्याची मुलगी खांद्यावर झोळी घालून चालतेय, तर तिला रस्त्यात मान लववायची की नाही? ती टेबलाशी बसून जेवलेली आहे, हेही खरं. आणि ती आता दाराशी येऊन टपालवाल्यासारख्या दोन टकटका देते, हेही खरं. एक डॉक्टरीणबाई तर ती येताना दिसली, की तोंड लपवायला सरळ छत्री उघडायच्या, ऊन असो वा नसो.

आमचं घर गावाच्या अगदी टोकाला, म्हणून कोलफोल्डच्याच फेरीत येई. बाईसाहेबांचा हुकूम होता, टपाल स्वयंपाकघराच्या दाराशी घ्यायचं. मी घेत असे. मिस विम्बुश कधी आत डोकावल्या नाहीत. मला मात्र रोज काहीतरी सांगून जात: कुठल्या ओढ्याला पूर आलाय, गिरणीवाल्यांच्या फाटकाशी कुत्रं नवीन आहे. गिरणीसुद्धा त्यांच्याच वाटेवर होती. मिस्टर केटलवेलनी दोन वर्षांनी किडरमिन्स्टरच्या एका विधवा बाईशी लग्न केलं. तरी सकाळी फाटकाशी येऊन टपाल स्वतः घेत, असं ऐकलं. मी एकदा धीर करून विचारलं, बाई, काय बोलता तुम्ही दोघं? "रस्त्याबद्दल," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्या रात्री माझा डोळा लागला नाही. त्या रविवारी पेटीपाशी मी बोलले ते बरोबर होतं की चूक, हे अजून माझं ठरलेलं नाही.

ॲडेला ताईसाहेब त्याच उन्हाळ्यात पुस्तकांची ट्रंक घेऊन ब्रिस्टलला गेल्या आणि मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. बाईसाहेबांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार ठेवला, पण वर्षातून चारदाच, सणासुदीला. सुलतान मेला. ओळखीपाळखीच्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या. भेटीच्या दिवशी मी स्वच्छ टोपी घालून हॉलमध्ये उभी राही आणि दारावर कोणी नसे. बाईसाहेबांची नजर अधू झाली होती, पण चष्मा हा शब्द घरात उच्चारायची सोय नव्हती.

एका जानेवारीत चार दिवस बर्फ पडत होता. मागचं अंगण कंबरेपर्यंत भरलं होतं, त्यामुळे स्वयंपाकघराचं दार उघडेना. दहाच्या सुमाराला पुढच्या दारावर दोन टकटका झाल्या. बाईसाहेब हॉलमध्येच होत्या. मी दार उघडलं. मिस विम्बुश पायरीवर, पुरुषी बूट, टोपीवर बर्फ, हातात ब्रिस्टलचं पत्र. तब्बल चौदा वर्षांनी दोघी समोरासमोर आल्या होत्या.

बाईसाहेबांनी पत्र घेतलं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. मी पुढे झाले तर मला हातानं थांबवलं. मला वाचता येतं, पण घरचं पत्र जेनकडून ऐकणं बरं दिसलं नसतं.

"मिस विम्बुश," त्या म्हणाल्या, "तुमचं वाचन चांगलं होतं."

मिस विम्बुशनी हातमोजा दातांनी ओढून काढला. मी "आत या" म्हटलं, तर म्हणाल्या अजून नऊ घरं राहिलीत, इथंच वाचते. उंबऱ्याच्या त्या बाजूला उभ्या राहून त्यांनी ते वाचलं. ताईसाहेबांना खोकला झाला होता, शाळेत नवीन नळ बसवले होते, कुठल्याशा मुलीनं लॅटिनमध्ये बक्षीस मिळवलं होतं. बाईसाहेब भिंतीला हात टेकून ऐकत होत्या. हॉलमध्ये बर्फ उडून येत होता आणि दार लावून घे असं कोणी मला म्हणेना. वाचून झालं तशी पत्राची घडी परत आली.

"उद्या याल?" बाईसाहेबांनी विचारलं.

"पत्र असेल तर येईन, मॅडम."

दुसऱ्या दिवशी पत्र नव्हतं. बाईसाहेब साडेअकरापर्यंत हॉलच्या खुर्चीत शाल घेऊन बसल्या, मग वर गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला दौत भरून आणायला सांगितली. मोठमोठ्या वाकड्या अक्षरांत त्यांनी ब्रिस्टलला पत्र लिहिलं, लगेच दुसरं एका चुलतबहिणीला, जिच्याशी अकरा वर्षं अबोला होता, आणि तिसरं लंडनच्या एका बियाणांच्या दुकानाला, त्यांची नवीन यादी पाठवा म्हणून. पत्ते बरोबर आहेत ना, हे मला तीन वेळा विचारलं. मग म्हणाल्या, "आणि जेन, उद्यापासून टपाल पुढच्या दारानं."